जुनं स्क्वाड्रन पुन्हा हवेत कसं न्यावं

पंचवीसेक वर्षांपूर्वी संगणकावरच्या ऑनलाइन गेममध्ये ज्यांच्याबरोबर रात्र रात्र लढाऊ विमानं उडवली, त्या सगळ्यांना पुन्हा एकदा एका सर्व्हरवर आणायचं मनात असेल, तर गेम कुठला घ्यायचा इथून सुरुवात करू नका. आधी एवढं ठरवा, की त्या दिवशी चढाईला, म्हणजे विमान उंचावर नेण्याला, आणि परतीच्या वाटेला भरपूर वेळ द्यायचा. मधे लढाई दहा मिनिटं झाली तरी पुरे.

मी हे ठामपणे सांगते, कारण आमच्या स्क्वाड्रनची, म्हणजे नेहमी एकत्र उडणाऱ्या गटाची, हजेरी, जोड्या आणि वेळापत्रक वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. कोण कुणाबरोबर उडणार, कुणाची परीक्षा आहे, कुणाचं बाळ तापानं फणफणलंय, हे मला कळायचं ते चढाईत. वॉरबर्ड्स या गेममध्ये धावपट्टी सोडली, की विमान आपोआप चढत राहील असं लावून द्यायचं आणि मोकळ्या हातांनी टाइप करायचं. वीस हजार फूट गाठायला दहा मिनिटांच्या वर लागत. तेवढ्या वेळात पडद्यावर बघण्यासारखं काय, तर आकाश, शेजारचं विमान आणि सरकत जाणारा मजकूर. आमची मैत्री त्या मजकुरात जुळली.

आता लोक जुन्या दिवसांची आठवण म्हणून जमतात, हवेतच सुरू होणारं मिशन लावतात, पाच मिनिटांत एकमेकांना पाडून मोकळे होतात आणि अर्ध्या तासात एकेक जण निरोप घेऊन निघून जातो. मग म्हणतात, पूर्वीसारखी मजा राहिली नाही. मजा ज्या रिकाम्या मिनिटांत होती, तीच मिनिटं काढून टाकलेली असतात.

गेम निवडताना

आपली मंडळी कुठल्या काळातली आहेत ते आधी बघा. केस्माईचं एअर वॉरियर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जीनी या ऑनलाइन सेवेवर आलं. तेव्हा जोडणीचे पैसे तासावर मोजले जात आणि तरीही लोक त्यात जमायचे. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ भिडू तिथले. गेममधल्या ए, बी, सी या तीन देशांपैकी आपण कुठल्या बाजूचे, हे ते आजही अभिमानानं सांगतात. पण एअर वॉरियरचे सर्व्हर २००१ च्या डिसेंबरात बंद झाले, त्यामुळे त्यांना दुसऱ्या कुठल्या तरी गेममध्ये आणावं लागतं. वॉरबर्ड्स १९९५ चं. ते घडवणाऱ्यांपैकी दोघांनी बाहेर पडून २००० साली एसेस हाय काढलं. बिशप, नाइट आणि रूक अशा तीन बाजूंत चालणारी तिथली न संपणारी लढाई अनेकांच्या अजून अंगात आहे.

फाल्कन ४.० हा एफ-१६ विमानाचा गेम म्हणजे वेगळाच पंथ. १९९८ साली तो आला तेव्हा जाडजूड माहितीपुस्तकासकट आला, आणि ते पुस्तक पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. आज हौशी कार्यकर्त्यांनी तो फाल्कन बीएमएसच्या रूपात उत्तम सांभाळलाय. त्यासाठी मूळ गेम जवळ असावा लागतो. पण सगळेच्या सगळे फाल्कनवाले असतील तरच पुनर्भेटीसाठी तो घ्या. एफ-१६ चालू करण्याचा क्रम विसरलेला माणूस धावपट्टीच्या कडेला बसून राहतो, आणि आपल्यामुळे बाकीचे खोळंबलेत या विचारानं मनातल्या मनात खचतो.

माझा कौल आयएल-२ स्टुर्मोविक १९४६ ला. मूळ आयएल-२ हे २००१ चं आणि सगळी भर एकत्र केलेली ही आवृत्ती २००६ ची. आजच्या साध्या लॅपटॉपवर ती आरामात चालते, एकदा विकत घेतली की दरमहा काही भरावं लागत नाही, आणि स्पिटफायर, मेसरश्मिट, झिरो, वाइल्डकॅट अशी प्रत्येकाच्या आवडीची विमानं तिच्यात आहेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्या को-ऑप प्रकारात, म्हणजे सगळ्यांनी मिळून एक मिशन खेळायच्या प्रकारात, बॉम्बफेकी विमानातल्या बंदुकांवरही माणसं बसू शकतात. याचा उपयोग पुढे सांगते.

एक पथ्य मात्र काटेकोर पाळा. सगळ्यांकडे नेमकी एकच आवृत्ती हवी. कुणी हौसेनं मॉड, म्हणजे हौशींनी केलेले बदल, चढवलेले असतात, कुणाकडे मधलाच एखादा पॅच असतो, आणि ऐन वेळी सर्व्हर त्यांना आत घेत नाही. आठवडाभर आधी प्रत्येकाला मेन्यूच्या पानावरचा आवृत्तीचा आकडा वाचून दाखवायला सांगा.

माणसं शोधताना

जुने ईमेल पत्ते बहुतेक मेलेले असतात. म्हणून आधी आपल्याच अडगळीत हात घाला. ज्याच्या संगणकावर आयएल-२ चा सर्व्हर चालायचा, त्याच्या जुन्या डिस्कवर इव्हेंटलॉग नावाची मजकूर फाइल असण्याची चांगलीच शक्यता असते. कोण कधी आत आला, कुठल्या विमानात बसला, कुणी कुणाला पाडलं, हे तिच्यात वेळेसकट ओळीनं लिहिलेलं असतं. जी कॉलसाइन, म्हणजे हवेतली टोपणनावं, आपण पार विसरून गेलो होतो, ती तिथे सापडतात. ऑनलाइन खेळ रेकॉर्ड करून ठेवलेल्या ट्रॅक फाइल आणि स्क्रीनशॉट यांचाही उपयोग होतो. जुनी डिस्क यूएसबीला जोडायचा अडाप्टर सहज मिळतो. मात्र डिस्क चालू झाली, की लगेच आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या. इतकी वर्षं पडून राहिलेली डिस्क पुन्हा चालू होईलच असं नाही. घरी लिहिलेल्या सीडींचंही तेच.

कॉलसाइन मिळाली की त्या नावानंच शोधा आणि त्या नावानंच हाक मारा. अनेकांनी आजच्या सिममध्येही, म्हणजे विमान उडवण्याच्या गेममध्येही, जुनंच नाव ठेवलेलं असतं, कारण ते सुटत नाही. खरं नाव ठाऊक असलं तरी चारचौघांत घेऊ नका. आमच्यात कुणी शिक्षक होता, कुणी ट्रक चालवायचा, कुणी खरोखरच सैन्यात होता, आणि या सगळ्याच्या पलीकडे तो आमच्या रचनेतला नंबर तीन होता. ती ओळख ज्याची त्याला जपू द्या.

पहिल्या निरोपात आठवणींचा मोठा पट मांडू नका. मी साधारण असं लिहिते: “तू अमक्या स्क्वाड्रनचा अमुक का? मी आपली हजेरी ठेवायचे. आम्ही जमतोय. यायला आवडेल का? जॉयस्टिक नसली तरी चालेल.” शेवटचं वाक्य वगळू नका. नकार देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण तीच असते.

हात, डोळे, जॉयस्टिक

तेव्हाच्या जॉयस्टिक गेमपोर्टला जोडायच्या, पंधरा पिनांच्या. आजच्या संगणकाला ते पोर्टच नसतं. मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर प्रिसिजन प्रो कुणाकडे असेल तर तिच्याबरोबर आलेला छोटा यूएसबी जोड शोधायला सांगा. मात्र तो जोड तशाच जॉयस्टिकला चालतो, बाकी गेमपोर्टवाल्यांना नाही. साइडवाइंडर फोर्स फीडबॅक २ मुळातच यूएसबीची आहे. ती आजही विंडोजवर चालते, आणि वेग पडत आला की हातातला दांडा कसा थरथरतो हे ज्यांनी अनुभवलंय, ते ती विकायला तयार होत नाहीत.

जुन्या दांड्यांच्या आत घासून फिरणारे पोटेन्शिओमीटर असतात. धूळ बसली की आकडा उड्या मारतो आणि विमान आपणहून डोकं झटकतं. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दांडा चारही बाजूंना गोल गोल फिरवला, की बहुतेक वेळा काम भागतं. तरीही उड्या राहिल्या तर गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन थोडा वाढवा. मधोमध थोडी ढिलाई येते, नेम धरताना ती जाणवते, पण विमान सरळ तरी जातं.

डोळ्यांची गोष्ट कुणी स्वतःहून बोलत नाही, म्हणून मीच विचारते. तेव्हा आम्ही फुल रिअल सर्व्हरवर मिरवायचो: शत्रूच्या डोक्यावर नाव नाही, बाहेरून बघायची सोय नाही, ठिपका दिसला तर दिसला. आता तो ठिपका अनेकांना दिसत नाही. निदान आपल्या बाजूच्या विमानांची नावं दिसतील असं ठेवा आणि रिझोल्युशन थोडं कमी करा, म्हणजे अक्षरं मोठी होतात. मान फिरवून मागे बघण्यासाठी ट्रॅकआयआर हे डोक्याची हालचाल टिपणारं उपकरण ज्यांच्याकडे आहे त्यांची सोय आहेच. बाकीच्यांना ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चालवता येतं. आणि नजर फिरवायचा अंगठ्याखालचा हॅट स्विच कुणी विसरलेलं नसतं. बोटांना ते अजून आठवतं.

आता बंदुकांबद्दल. ज्याचे हात दुखतात, ज्याच्याकडे जॉयस्टिक नाही, किंवा जो म्हणतो “मला आता जमणार नाही,” त्याला बॉम्बफेक्याच्या मागच्या बंदुकीवर बसवा. ती माउसनं चालते. आमच्या पहिल्या पुनर्भेटीत एक जण असाच नुसता ऐकायला म्हणून आला होता. त्याला बी-२५ च्या शेपटीतल्या बंदुकीवर बसवलं. अर्धा तास तो मागून काय दिसतंय ते सांगत राहिला: कुठलं विमान घड्याळाच्या कुठल्या आकड्याच्या दिशेला, किती लांब, वळतंय की सरळ येतंय. अगदी पूर्वी सांगायचा तसंच. वैमानिकाला मागे बघायची गरजच पडली नाही.

सर्व्हर

इथे फार वेळ घालवू नये. एकानं यजमान व्हावं आणि बाकीच्यांनी त्याच्या पत्त्यावर जोडून घ्यावं. आयएल-२ सहसा २१००० क्रमांकाचं यूडीपी पोर्ट वापरतं. राउटरवर ते उघडून यजमानाच्या संगणकाकडे वळवावं लागतं. आजकाल अनेक इंटरनेट पुरवठादार कित्येक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा घरून यजमानपद जमत नाही. तेव्हा झीरोटियरसारखं खासगी आभासी जाळं सगळ्यांनी बसवून घ्यावं, म्हणजे सगळे एकाच खोलीत बसल्यासारखे दिसतात. मायक्रोसॉफ्टचं कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर किंवा त्या काळचा दुसरा काही गेम घेणार असाल तर विंडोजच्या जुन्या घटकांच्या यादीत जाऊन डायरेक्टप्ले चालू करा.

पिंग, म्हणजे जाळ्यावरून निरोप पोचायला लागणारा वेळ, फार असलेल्याला दाटीच्या फॉर्मेशनमध्ये ठेवू नका. ताशी पाचशे किलोमीटरनं जाणारं विमान सेकंदाला जवळजवळ एकशे चाळीस मीटर कापतं. निरोप पोचायला तीन दशांश सेकंद लागले तर ते विमान चाळीस मीटर पुढे गेलेलं असतं. डायल-अपच्या दिवसांत हे रोजचंच होतं. विमान मधेच उडी मारून भलतीकडे दिसायचं, आणि “मी तर वळलो होतो, मग गोळी लागली कशी?” यावर भांडणं व्हायची. एसेस हायमध्ये गोळी लागली की नाही हे मारणाऱ्याच्या संगणकावर ठरायचं, म्हणून दोघांचंही म्हणणं आपापल्या पडद्यापुरतं खरं असायचं. हे समजून घेतल्यावर आमच्यात एक शिस्त आली: पडलेल्यानं आधी पाडणाऱ्याला “एस!” लिहायचं, म्हणजे सलाम, आणि मग काय ते विचारायचं. त्या एका अक्षरानं कितीतरी भांडणं सुरू होण्याआधीच मिटली. पुनर्भेटीतही हा रिवाज पाळा. आवाजाची सोय असली तरी सलाम टाइपच करायचा.

वेळ ठरवताना

वेळ नेहमी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, कळवा. तारीख ठरवताना मार्चचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची सीमा टाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मागे येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत नेहमीचं गणित तासानं चुकतं आणि निम्मं स्क्वाड्रन येतं तेव्हा उरलेलं निम्मं निघालेलं असतं.

एकूण तीन तास धरा. पहिला अर्धा तास साध्या डॉगफाइट प्रकारात, कुणीही केव्हाही यावं, माइक तपासावा, कळा नेमून घ्याव्यात, दोन-चार वेळा उडून उतरावं. को-ऑप मिशन एकदा सुरू झालं की मागून येणाऱ्याला आत घेता येत नाही, म्हणून हा अर्धा तास सोडू नका.

जोड्या जुन्याच ठेवा

स्क्वाड्रनची सगळी रचना जोडीवर उभी असते. जर्मन वैमानिकांनी १९३० च्या दशकात स्पेनमधल्या लढाईत दोन-दोनच्या दोन जोड्या, म्हणजे हाताची चार बोटं पसरावीत तशी चार विमानांची रचना रूढ केली. पुढे जवळजवळ सगळ्यांनीच ती उचलली. सिममध्येही तेच चाललं. म्हणून आधी जुन्या जोड्या आठवून लिहून काढा. कोण कुणाचा विंगमन, म्हणजे शेजारून उडणारा जोडीदार, होता, हे लोक सांगतातच. ज्याची जोडी आता नाही त्याला एकटं सोडू नका. त्याला तुमच्या स्वतःच्या जोडीत घ्या.

पहिलं मिशन म्हणून मी नेहमी हेच लावते: प्रशांत महासागर, आपल्याकडे चार अमेरिकी वाइल्डकॅट, समोर संगणकानं चालवलेली जपानी झिरो विमानं, मध्यम कौशल्याची. आपल्यापैकी कुणालाही शत्रू व्हायला लावू नका. पहिल्या मिशनमध्ये सगळे एकाच बाजूला हवेत. सुरुवात धावपट्टीवरून. शत्रू इतक्या लांब ठेवा की गाठ पडायला पंधरा मिनिटं लागतील.

वाइल्डकॅट का, ते सांगते. झिरो तिच्यापेक्षा चपळ, वळणात तिला हरवणारं. एकट्या वाइल्डकॅटनं त्याच्याबरोबर वळायला जाणं म्हणजे मरण. अमेरिकी नौदलाच्या जॉन थॅचनं १९४१ मध्ये घरच्या टेबलावर आगपेटीच्या काड्या मांडून यावर तोड काढली, आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती वापरली. दोन विमानं शेजारी शेजारी उडतात, मधे एका वळणाला पुरेल एवढं अंतर. प्रत्येकानं आपल्या मागे बघायचं नाही, जोडीदाराच्या मागे बघायचं. समजा उजवीकडच्याच्या शेपटीवर झिरो आलं. डावीकडच्याला ते दिसतं आणि तो झपकन उजवीकडे वळतो. जोडीदार आपल्या दिशेनं वळला हे बघताच उजवीकडच्याला कळतं की आपल्या मागे कुणीतरी लागलंय, आणि तो डावीकडे वळतो. दोघं एकमेकांना छेद देऊन जातात. पाठलाग करणारं झिरो आता डावीकडच्याच्या थेट तोंडासमोर असतं.

यात एक शब्द बोलावा लागत नाही. वळण हाच इशारा. डायल-अपच्या काळात, टाइप करायला हात मोकळे नसताना, आम्ही हेच करून जगायचो. वीस वर्षं न भेटलेल्या दोघांना हे करताना बघा. पहिल्या दोन वेळी उशीर होतो, अंतर चुकतं. तिसऱ्या वेळी एक वळतो आणि दुसरा त्याच क्षणी वळलेला असतो, आणि हेडसेटमध्ये कुणीतरी मोठ्यानं ओरडतं.

बोलणं

आज डिस्कॉर्ड किंवा टीमस्पीक, दोन्ही चालतील. बोलताना दाबायची कळ जॉयस्टिकवर नेमा. सतत उघडा माइक नको, नाहीतर पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू येते. लढाईत वाक्यं छोटी: आधी ज्याला सांगायचं त्याचं नाव, मग दिशा घड्याळाच्या आकड्यात, मग वर की खाली. चढाईत मात्र हा नियम सैल सोडा. त्या वेळी मी मुद्दाम गप्प राहते. कुणीतरी काहीतरी बोलायला घेतंच.

आवाज पहिल्यांदा आला तो रॉजर विल्कोसारख्या सॉफ्टवेअरनं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर आम्ही एकमेकांना फक्त अक्षरांत ओळखत होतो. मी हेडसेट लावून पहिल्यांदा “सगळ्यांना ऐकू येतंय का?” म्हटलं, तेव्हा काही क्षण कुणीच बोललं नाही. आपली हजेरी घेणारी व्यक्ती बाई आहे हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग आमचा म्होरक्या म्हणाला, “येतंय. तू नंबर दोन, नेहमीसारखी.” आणि आम्ही निघालो. त्या “नेहमीसारखी”साठी मी त्याची आजही ऋणी आहे. तुमच्याही स्क्वाड्रनमध्ये काळाबरोबर कुणी बरंच बदललेलं असेल: आवाज, नाव, तब्येत. त्याला त्याचा जुना नंबर द्या आणि उडायला निघा.

शेवटचं मिशन

हे माझं सगळ्यात लाडकं. सोव्हिएत संघानं झ्वेनो नावाची एक योजना राबवली होती. टीबी-३ या अवाढव्य चार इंजिनांच्या बॉम्बफेक्याच्या पंखांखाली दोन आय-१६ लढाऊ विमानं लटकवायची, लक्ष्याजवळ नेऊन सोडायची, आणि त्यांनी सूर मारून बॉम्ब टाकायचे. जुलै १९४१ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या कॉन्स्टान्त्सा बंदरावर या जोडगोळीनं खरा हल्ला केला. आयएल-२ मध्ये हे सगळं आहे.

टीबी-३ वर म्होरक्याला बसवा, बंदुकांवर ज्यांना उडवायचं नाही त्यांना, आणि पंखांखाली दोन जणांना. सुटण्याची कळ आधीच नेमून तपासून घ्या, आणि मिशन एकदा दोघा-तिघांत चालवून बघा. टीबी-३ अतिशय संथ आहे. पंखाखालच्या दोघांना तासाचा चांगला मोठा भाग नुसतं लटकून राहण्यापलीकडे काही काम नसतं. वर कुणीतरी दुसराच विमान चालवतोय, आपण त्याच्या भरवशावर. म्हणूनच मी हे मिशन लावते. एवढ्या वेळात माणसं जे बोलतात ते दुसऱ्या कुठल्याही मिशनमध्ये बोलत नाहीत. मधल्या वर्षांत काय काय झालं, कुणाचं काय गेलं, कोण कुठे पोचला, सगळं तिथे निघतं. लक्ष्य थोडं आणखी लांब ठेवलं तरी कुणी तक्रार करत नाही.

जे आता नाहीत

यादी करताना कळतंच, की काही जण गेले. आमचेही गेलेत. बातमी ऐन उड्डाणाच्या दिवशी सांगू नका. आधी कळवा, म्हणजे ज्याला एकट्यानं रडायचं असेल त्याला वेळ मिळेल. कुटुंबाला लिहायचं असेल तर एकानंच लिहावं आणि थोडक्यात लिहावं. घरच्यांना बहुतेक वेळा एवढंच ठाऊक असतं, की तो रात्री हेडसेट लावून बसायचा. तो आमच्या किती उपयोगी पडला, नवख्यांना उतरायला कसा शिकवायचा, असा एखादा खरा प्रसंग लिहा. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज तुमच्याकडे असेल तर तो हवा का ते आधी विचारा. न विचारता पाठवू नका.

उड्डाणाच्या दिवशी चार विमानांची रचना करून धावपट्टीवरून जायचं, आणि मधेच एकानं नाक वर करून रचना सोडून आकाशात निघून जायचं. बाकीचे तिघं सरळ जातात. रिकामी झालेली जागा कुणी भरत नाही. खऱ्या हवाई दलांतली ही रीत आहे. वर कोण जाणार हे गेलेल्याच्या विंगमनला विचारा. त्याला नको असेल तर आग्रह करू नका. त्या वेळी मजकुरात फक्त कॉलसाइन आणि “एस!” लिहायचं. रंगांची हौस असेल तर त्याच्या विमानाची जुनी स्किन, म्हणजे वरचं रंगकाम, शोधून काढा. हजार चोवीस बाय हजार चोवीसची ती बिटमॅप फाइल साधारण एक मेगाबाइटची असते. मोडेमवर ती उतरवायला तीन-चार मिनिटं लागायची आणि आम्ही धावपट्टीवर थांबून राहायचो. आता ती निमिषात येते. पेंटस्कीम्समधल्या स्किन्सच्या फोल्डरमध्ये त्याच विमानाच्या नावाखाली ठेवली की झालं.

उतरल्यावर

शेवटचं विमान जमिनीवर येईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, हा नियम सुरुवातीलाच सांगून ठेवा. कुणाचं इंजिन धुरकटत असेल तर जोडीदारानं त्याच्या वेगानं, त्याच्या शेजारून यायचं, मग वीस मिनिटं का लागेनात. गुणांचा तक्ता दाखवू नका. कुणी किती पाडली हे ज्याला हवं तो नंतर बघेल.

पुढची तारीख तिथेच, सगळे असताना ठरवा. नंतर विचारू म्हटलं की वर्ष जातं. मी दर तीन महिन्यांनी एक रात्र ठेवते. दर आठवड्याचा उत्साह दोन महिन्यांत ओसरतो असा माझा अनुभव आहे. कुणाला मुलगा-मुलगी आणायची असेल तर आणू द्या आणि त्यांना सगळ्यात सहनशील माणसाची जोडी द्या.

त्याच रात्री यजमानाच्या संगणकावरची इव्हेंटलॉग फाइल, ट्रॅक फाइल आणि स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये घालून सगळ्यांना पाठवा. आवाज रेकॉर्ड केला असेल तर प्रत्येकाची परवानगी घेऊनच पाठवा. फोल्डरच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी घाला, आणि आत एका साध्या मजकूर फाइलमध्ये कुठली कॉलसाइन कुणाच्या जोडीला उडाली, गेमची आवृत्ती कुठली होती आणि यजमान कोण होता एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी हजेरी ठेवणारं दुसरं कुणी असेल, तर त्याला तिथूनच सुरू करता येईल.